वीस हिरवी बोंडे

सप्रेम नमस्कार,

यवतमाळ जिल्ह्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली आपली मुलगी शेतकऱ्यांना शाश्वत शेतीचे प्रशिक्षण देण्याचे काम करायचे म्हणते आणि ‘तीस वर्षे कापूस पिकवलेल्या माणसाला ही पोर काय शिकवणार?’ असे आपण विचारले आहे.

आपली शंका रास्त आहे आणि चांगला प्रशिक्षक अशा शंकेचा मान राखूनच कामाला लागतो. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील कीड व्यवस्थापनासाठी सुरू झालेली आणि आपल्याकडे राज्य सरकारच्या ‘पोकरा’ (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातून गावोगावी पोहोचलेली शेतीशाळा याच कारणासाठी बांधावर भरते. प्रशिक्षक शेतकऱ्यांसह पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, उतरतो, एकरातल्या वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडायला लावतो आणि ती तिथेच फोडली जातात. वरून निकोप दिसणाऱ्या बोंडात सरकी पोखरणारी गुलाबी अळी सापडते. अशी २ बोंडे निघाली, म्हणजे प्रादुर्भाव १० टक्क्यांपर्यंत पोहोचला, तर फवारणीचा निर्णय घ्यायचा. त्याखाली असेल तर हात आवरायचा, म्हणजे औषधाचा खर्च टळतो आणि मित्रकीटकही जगतात. आपला अनुभव इथे बाजूला पडत नाही, उलट मोजणीमुळे त्याला आधार मिळतो.

अळीची ओळख पदवीत होते. वडीलधाऱ्यांचे आधी ऐकून घेण्याची सवय मात्र शिवारातच लागते, म्हणून शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग असलेले, ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहण्याचे दिवस तिने केवळ अहवालापुरते घालवू नयेत. पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून कृषी विस्तार शिक्षणात, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या विषयात, एम.एस्सी. करता येईल.

उत्पन्नाबाबत मात्र स्पष्ट लिहितो. कृषी विज्ञान केंद्रांत जागा मोजक्या असतात आणि स्वयंसेवी संस्थांतील बहुतेक नेमणुका प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोध सुरू होतो. त्यामुळे राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेची तयारी तिने सोडू नये, असे माझे मत आहे. कृषी विभागातही विस्ताराचेच मोठे काम असते.

या हंगामात आपल्याच रानात हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे) तिला लावू द्यावेत, त्यांत अडकलेल्या गुलाबी अळीच्या पतंगांची रोजची नोंद तिच्याकडे सोपवावी आणि बोंडे भरू लागली की तिच्यासोबत बसून ती २० बोंडे आपण स्वतः फोडून पाहावीत.

आपला,
करिअर मार्गदर्शक