कमोडवर बसताना पायाखाली स्टूल घे

हे बघ, बद्धकोष्ठतेमुळे पोट साफ होत नसेल तर सगळ्यात आधी जोर लावणं बंद कर. सरळ ताठ बसलं की आतला एक स्नायू गुदाशयाला पट्ट्यासारखा पुढे ओढून धरतो, तिथे वाक पडतो आणि मग कितीही कुंथलं तरी अडकल्यासारखंच वाटतं. उकिडवं बसलं की तो वाक बराच सरळ होतो. म्हणून कमोडवर असशील तर पायाखाली १५-२० सेंटीमीटरचं स्टूल घे, गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकव, पोट सैल सोड आणि श्वास रोखू नकोस, तोंडाने हळू सोडत राहा. मला पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटलं होतं, मग सवय झाली.

आणि मोबाईल बाहेर ठेव, प्लीज! ५-१० मिनिटांत नाही झालं तर उठ, उगाच बसून राहिलं की मूळव्याधीचा त्रास वाढतो. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडी आपोआप हलतात, ती वेळ धर, कळ आली की दाबू नकोस. फायबर हळूहळू वाढव, सोबत पाणी. रक्त दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नकोस, थेट डॉक्टर.