सोलापुरात स्वीट पी लावताना

ताई, स्वीट पी म्हणजे सुवासिक फुलांचा वेल. तो लावायला आधी ऑक्टोबर हीट ओसरू द्या. पहाटे चादर ओढावीशी वाटली की बी टाका. फार उशीरही नको, फुलायच्या आतच मार्चचं ऊन गाठतं.

बी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी जे टम्म फुगलं ते पेरा, खड्यासारखं राहिलं त्याला नेलकटरनं हलकी चीर द्या.

आपली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात. पहिल्या वर्षी फूटभर खोल कुंडीच घ्या, शेणखत भरपूर, वेलाला जाळी.

- रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. खुडायला मन होत नाही, पण फांद्या त्यानंच फुटतात.
- फुलं तोडत राहा, शेंगा धरल्या की बहर आटतो.

शेंगा मटारसारख्या दिसतात, पण विषारी असतात. घरातल्या लहानांना आधीच सांगून ठेवा.