रडले म्हणजे विश्वास कमी पडला का?

"आमच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, ख्रिस्ती माणसानं असं रडायचं नसतं. मॅडम, माझा विश्वास कमी पडला का हो?"

समुपदेशनासाठी आलेल्या ताईंनी पहिल्याच भेटीत हे विचारलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ५४, गाव नगर जिल्ह्यातलं. यजमान शाळामास्तर; हृदयविकारानं एका रात्रीत गेले. त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून उपासनेला जाणं बंद, प्रार्थनाही बंद. सकाळी मात्र हात अजून दोन कप चहाचं पाणी ठेवायचा.

घरातलं माणूस गमावलेले ख्रिस्ती लोक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वारंवार येतात. दुःख असतंच, त्यावर अपराधीपणाचं ओझं आपलीच माणसं चढवतात. "देवाची इच्छा", "ते प्रभूकडे गेले, आनंद करा" असं बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण दफनाला आठवडाही उलटला नसताना हे ऐकणाऱ्याचं रडणं घशातच अडकतं.

मंडळीतल्या त्या बाईंनी बायबलमधल्या, पौलानं थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आधार दिला होता. आम्ही दोघींनी चौथ्या अध्यायातलं १३ वं वचन सावकाश वाचलं. शोक करू नका, असं पौल तिथं म्हणतच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं म्हणतो. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढला. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. ताई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होत्या.

प्रार्थना जमत नव्हती, म्हणून मी त्यांना ८८ वं स्तोत्र दिलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच थांबतं. तरी बोलणं देवाशीच आहे. म्हटलं, "रोज मोठ्यानं वाचा आणि खाली तुमचं एक वाक्य लिहा, कसंही असो." पुढच्या भेटीत त्यांनी वही आणली. पहिलंच वाक्य होतं, "मी हाक मारली तेव्हा तू कुठं होतास?" त्याखाली "क्षमा कर" लिहून खोडलेलं. मी म्हटलं, "खोडलंत ते बरं केलंत."

झोप आणि जेवण यांची चौकशी मी दर खेपेला करायचे. झोप पार उडाली, जगणंच नको वाटू लागलं, तर प्रार्थनेच्या जोडीला मानसोपचारतज्ज्ञ हवाच. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो. झुडपाखाली पडून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं आधी भाकर आणि पाणीच दिलं होतं.

मग कुणीतरी ताईंना सुनावलं, "पंडिता रमाबाईंकडे बघा, त्या कशा कामाला लागल्या!" मला ते फार लागलं. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते १८८९ मध्ये. मधली सात वर्षं आपण एका वाक्यात उरकून टाकतो. पदरात लहानगी मनोरमा, पुणे, मग इंग्लंड, मग अमेरिका. त्या शिकत होत्या, वाट शोधत होत्या. मी ताईंना सांगितलं, "आता कशासाठी जगायचं, याचं उत्तर आजच द्यायला कुणी तुम्हाला बांधलेलं नाही."

नवव्या महिन्यात त्यांच्या गल्लीतल्या एका बाईचा नवरा गेला. ताई पिठलं-भाकरी घेऊन गेल्या.

"काय बोललात?"

"काही नाही. भांडी घासली, शेजारी बसले. उद्या पण जाईन."

आता त्या उपासनेला जातात. मास्तरांच्या आवडीचं गीत सुरू झालं की अजूनही उभं राहवत नाही, बसूनच ऐकतात. परवा म्हणाल्या, "मी तिला विचारणार होते, रडून घेतलंस का गं? पण तिनंच मला आधी विचारलं."