प्लेअर गाडीच्या स्टीरिओला जोडताना
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या गाडीतला स्टीरिओ ठणठणीत असतो, हातातला प्लेअरही ठणठणीत असतो; अडते ते दोघांना जोडताना. नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या अशा प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. नवा स्टीरिओ बसवा, असा सल्ला यात कुठेही नाही. यातल्या एकाही तक्रारीला त्याची गरज नाही.

प्रश्न (महाल) : प्लेअर ऑक्सच्या (बाहेरचा आवाज स्टीरिओत घेणाऱ्या सॉकेटच्या) वायरने जोडला की वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज नाहीसा होतो, किंवा विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसऱ्या गाडीत तोच प्लेअर नीट वाजतो. स्टीरिओ खराब झाला का?

उत्तर : नाही. पिनेचा ‘अर्थ’, म्हणजे अर्थिंगचा (ग्राउंडचा) जोड, लागत नाहीये. ३.५ मिलिमीटरच्या पिनेत टोकाला डावा चॅनल असतो, मधल्या कड्यावर उजवा, आणि बुडाच्या भागावर दोघांचा सामाईक अर्थ. हा अर्थ तुटला की स्टीरिओपर्यंत डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोहोचतो. गायकाचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. मागे राहतात ती एका बाजूला ठेवलेली वाद्ये आणि आवाजाचा घुमारा.

खात्री करायची असेल तर प्लेअर गाडीच्याच चार्जरला लावून पाहा. गायक परत आला, पण सोबत घरघर घेऊन आला, तर निदान पक्के समजा. अर्थाला चार्जरमधून दुसरी वाट मिळालेली असते.

आता पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे म्हणजे तीन जोड, ही साधी स्टीरिओ पिन. तीन पट्टे म्हणजे चार जोड, ही माइकवाल्या हेडसेटची पिन. चार जोडांची पिन स्टीरिओच्या ऑक्स सॉकेटमध्ये पूर्ण आत गेली की काही वेळा अर्थाची पट्टी चुकीच्या कड्यावर टेकते. पिन एक मिलिमीटर बाहेर ओढल्यावर आवाज सुधारला, तर वायर बदला आणि दोन पट्ट्यांची घ्या. पट्टे बरोबर असतील तर प्लेअरचे कव्हर काढून पाहा. जाड रबरी कव्हरमुळे पिन शेवटपर्यंत जातच नाही, आणि ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तेही नसेल तर वायर पिनेच्या मानेजवळ आतून तुटलेली असते. तिथे हलकेच वाकवली की आवाज येतो-जातो.

प्रश्न (मानेवाडा) : इंजिन सुरू असताना गाण्यामागे शिटीसारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की शिटी चढते, सोडला की उतरते. रेडिओ लावला तर काही नाही. चार्जर आणि ऑक्स वायर दोन्ही बर्डीवरून नवीनच आणल्या आहेत.

उत्तर : रेडिओ स्वच्छ लागतो, ही माहिती दिलीत हे बरे केले. म्हणजे दोष प्लेअरच्या जोडणीत आहे. गाडीचा अल्टरनेटर तयार करतो ती वीज मुळात एसी असते. डायोड तिची डीसी करतात, तरी थोडी लहर उरतेच, आणि इंजिनाचा वेग वाढला की त्या लहरीचा सूर चढतो. ही लहर तुमच्या गाण्यात अर्थाच्या वाटेने शिरते. प्लेअर एकीकडे चार्जरमधून गाडीच्या बॉडीला जोडलेला, दुसरीकडे ऑक्स वायरच्या जाळीतून स्टीरिओच्या अर्थाला जोडलेला. त्या दोन ठिकाणच्या अर्थांत अगदी किंचित व्होल्टेजचा फरक असला, तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि स्टीरिओ त्यालाही गाणे समजून मोठे करतो.

आधी चार्जर काढा आणि प्लेअर त्याच्या बॅटरीवर वाजवा. शिटी त्याच क्षणी बंद झाली, तर वरचे कारण ठरले. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्लेअर घरूनच चार्ज करून आणायचा. चार्जिंग करतच ऐकायचे असेल, तर ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन अर्थांमधली ही साखळी तोडणारा भाग, बसवा. ही काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, एकीकडे ३.५ मिमीचे सॉकेट, दुसरीकडे तशीच पिन. काही शे रुपयांत मिळते, वेगळी वीज लागत नाही. फक्त घेताना दुकानातच ढोलकी किंवा तबल्याचे गाणे लावून ऐका. हलक्या डब्यांतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा इतका लहान असतो, की डग्ग्याचा घुमारच निघून जातो.

दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो, पण त्याला सोल्डरिंग लागते. ऑक्सची वायर जशी आहे तशी ठेवायची आणि चार्जिंगच्या वाटेत ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर देणारा आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंचा अर्थ वेगळा ठेवणारा, डीसी-डीसी कन्व्हर्टर घालायचा. आवाजाला हातच लागत नाही, त्यामुळे तो कमी-जास्त होण्याचा प्रश्न येत नाही. मात्र १ वॅटचा कन्व्हर्टर २०० मिलिअँपिअरच देतो. छोट्या एमपीथ्री प्लेअरला ते पुरते. फोन लावला तर कन्व्हर्टर तापून जाईल.

चार्जर काढूनही शिटी राहिली, तर स्टीरिओचा स्वतःचा अर्थ तपासा. काळी वायर बहुतेकदा डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला स्क्रूने लावलेली असते, आणि पुष्कळदा रंगावरच आवळलेली असते. रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, वायरच्या टोकाला थिंबल (स्क्रूखाली बसणारे धातूचे टोक) दाबून बसवा आणि घट्ट आवळा. काही मेकॅनिक शिटी घालवण्यासाठी स्टीरिओची अर्थ वायरच सोडवून टाकतात. असे कधीही करू देऊ नका. मग स्टीरिओचा सगळा प्रवाह अँटेनाच्या किंवा ऑक्सच्या बारीक जाळीतून परततो, आणि ती जळू शकते.

प्रश्न (इतवारी) : गाडीत फक्त कॅसेटचा डेक आहे. कॅसेट ॲडॉप्टर (कॅसेटच्या आकाराचा, वायरने प्लेअरला जोडायचा) घातला की डेक दर काही सेकंदांनी खटकन बाजू बदलतो, कधी ॲडॉप्टर बाहेर फेकतो. डेक बदलावा का?

उत्तर : डेक ठेवा, ॲडॉप्टर बदला. ऑटो रिव्हर्सचा डेक कॅसेटची चाके फिरतात की नाही यावर लक्ष ठेवून असतो. चाके थांबली म्हणजे टेप संपली, असे समजून तो बाजू पलटतो. ॲडॉप्टरमध्ये टेप नसते, पण डेकची समजूत राहावी म्हणून दोन्ही चाके आतल्या दातेरी चाकांनी जोडलेली असतात. हे दाते झिजले किंवा ॲडॉप्टर उन्हात वाकला, की चाके अडतात. नवा घेताना बोटाने चाक फिरवून पाहा. दुसरे चाक विनासायास फिरले पाहिजे. गिअरचा करकर आवाज करणारा घेऊ नका, तो गाण्यातही ऐकू येतो. वायर कोणत्या कोपऱ्यातून निघते तेही पाहा, कारण काही डेकमध्ये कॅसेट आडवी जाते, काहींत अरुंद बाजूने. तरीही डेक बाजू बदलत असेल, तर एकदा हाताने दुसरी बाजू लावून पाहा. ॲडॉप्टरचे हेड, म्हणजे डेकला आवाज देणारा भाग, एकाच बाजूला असते, त्यामुळे चुकीच्या बाजूला आवाज येतच नाही.

आवाज दबका येत असेल तर डेकचे हेड कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते पूर्ण वाळू द्या. डॉल्बीचे (टेपची खसखस कमी करणारे) बटण असेल तर बंद ठेवा. ॲडॉप्टरला त्याची गरज नाही, उलट वरचे सूर दबतात.

प्रश्न (हिंगणा) : स्टीरिओला ऑक्स नाही म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर घेतला. शहरात गाण्यात दुसरे स्टेशन घुसते. कोणती फ्रिक्वेन्सी ठेवावी?

उत्तर : नागपुरात ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ आणि १००.६ मेगाहर्ट्झवर जोरदार केंद्रे आहेत. त्यांच्या अगदी शेजारी बसू नका, निदान ०.४ मेगाहर्ट्झचे अंतर दोन्ही बाजूंनी ठेवा. आधी ट्रान्समीटर बंद करा आणि रेडिओ हाताने एकेक पायरी फिरवा. जिथे बोलणे, गाणे काही नाही, नुसती एकसारखी खसखस आहे, ती जागा तुमची. बँडची दोन्ही टोके, म्हणजे ८८ च्या आसपास आणि १०५ च्या पुढे, आधी तपासा. अशा दोन जागा शोधून दोन्ही स्टीरिओच्या मेमरीत ठेवा. शहरात रिकामी असलेली जागा अमरावतीकडे किंवा वर्ध्याकडे जाताना रिकामी राहीलच असे नाही.

प्लेअरचा आवाज ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पूर्ण चढवला तर ट्रान्समीटर फाटक्या आवाजात वाजतो, आणि दोष रेडिओवर जातो. गाडी बंद केल्यावर तो सॉकेटमधून काढून ठेवा. काही गाड्यांत हे सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहते. एवढे करूनही तो ऑक्सच्या वायरच्या बरोबरीला येणार नाही. एफएममध्ये १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही. कॅसेटचा डेक असेल, तर ट्रान्समीटरपेक्षा ॲडॉप्टर बरा.

प्रश्न (कामठी) : उन्हाळ्यात प्लेअर गाडीतच ठेवला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. लिथियमची बॅटरी फुगते, स्क्रीन उचलली जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर प्लेअर चार्जिंगला लावू नका. पेनड्राइव्ह ठेवायचाच असेल, तर सीटखालच्या सावलीत ठेवा.

प्रश्न (धरमपेठ) : स्टीरिओच्या यूएसबीला एमपीथ्री प्लेअर लावला तर चार्ज होतो, पण गाणी दिसत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर गाणी वाजतात, पण क्रम भलताच, आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

उत्तर : प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड शोधा. तो एमटीपीवर असेल तर मास स्टोरेजवर, म्हणजे प्लेअर पेनड्राइव्हसारखा दिसेल अशा मोडवर, आणा. बहुतेक कार स्टीरिओंना एमटीपी कळत नाही. ही सोय नसेल तर यूएसबी फक्त चार्जिंगला वापरा आणि गाणी ऑक्समधून वाजवा. मग शिटी आली, तर वरचे मानेवाड्याचे उत्तर पाहा.

पेनड्राइव्हचा क्रम बिघडतो, कारण पुष्कळ स्टीरिओ फाइली नावाप्रमाणे लावत नाहीत; ज्या क्रमाने त्या पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने नव्याने फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर त्यातले सगळे जाते, म्हणून गाणी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग नावांपुढे ००१, ००२ असे आकडे घाला आणि एकेक फोल्डर त्याच क्रमाने कॉपी करा. मध्येच एखादे गाणे पुसून नवे टाकले, की नवे गाणे रिकाम्या झालेल्या जागी जाऊन बसू शकते आणि क्रम पुन्हा मोडतो. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह घ्या. ६४ जीबी आणि पुढचे बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, ते जुना स्टीरिओ वाचत नाही.

चौकोन दिसतात, कारण स्टीरिओत देवनागरी अक्षरेच भरलेली नाहीत. फाइलचे नाव रोमन लिपीत लिहा. तेवढ्याने भागले नाही तर फाइलच्या आतले टॅगही, म्हणजे गाणे, गायक आणि अल्बम, रोमनमध्ये करा. स्टीरिओ आधी टॅग दाखवतो, ते नसतील तर फाइलचे नाव.

प्रश्न (वर्धा रोड) : स्टीरिओच्या समोर ऑक्स नाही, पण मागे लाल-पांढरी सॉकेट आहेत असे मेकॅनिक म्हणतो. तिथे प्लेअर जोडता येईल का?

उत्तर : सॉकेटवर काय छापले आहे त्यावर ठरेल. ‘ऑक्स इन’ असेल तर जोडता येईल. ‘प्री आउट’, ‘रिअर’ किंवा ‘सब’ लिहिलेले असेल, तर तिथून आवाज ॲम्प्लिफायरकडे बाहेर जातो. तिथे प्लेअर लावून काहीच वाजणार नाही.

लागेल ती वायर अशी: एका टोकाला ३.५ मिमीची पिन, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना, लांबी दीड मीटर. लाल उजवा, पांढरा डावा. स्टीरिओ ओढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडा, बहुधा १० नंबरचा पाना लागतो. त्याहीआधी स्टीरिओला सुरक्षा कोड आहे का, आणि तो तुमच्याकडे लिहिलेला आहे का, हे पाहून घ्या. वीज तुटल्यावर काही स्टीरिओ कोड दिल्याशिवाय उघडत नाहीत. वायर पिवळ्या आणि लाल पॉवर वायरांपासून दूर, दुसऱ्या बाजूने खाली उतरवा. ती पेडलजवळ लोंबकळणार नाही अशी टायने बांधा.

सगळे जोडूनही सोर्सच्या बटणावर ऑक्स येत नसेल, तर मेकॅनिकला पुन्हा बोलावण्याआधी मेनू उघडा. पुष्कळ स्टीरिओंत ऑक्स कारखान्यातूनच बंद ठेवलेले असते. काहींत हा पर्याय स्टीरिओ बंद करून सोर्सचे बटण दाबून धरल्यावरच दिसतो.