१६ मिमी फिल्म तुटली तर कोणत्या टेपने जोडावी? तात्पुरती साधी सेलोटेप लावली तर चालेल का? की ‘खरा जॉइंट सिमेंटचाच’ असं ऐकलंय, तर फिल्म जोडायचं सिमेंट (बाटलीतलं रसायन) वापरावं?

सेलोटेप नको. तुम्ही म्हणता तात्पुरती लावतो, पण तात्पुरती लावलेली टेप नंतर कोणीही काढत नाही. रिळात गुंडाळल्यावर दाबाने आणि प्रोजेक्टरच्या उष्णतेने तिचा गोंद कडांमधून पाझरतो, वरच्या-खालच्या वेढ्यांना चिकटतो, धूळ ओढतो आणि काही वर्षांत पिवळा पडतो. कागदावर न दिसणारी ती मॅट टेप तर आणखी वाईट. तिच्यातून प्रकाश विखरतो आणि पडद्यावर तेवढ्या फ्रेम धुरकट होतात.

‘खरा जॉइंट सिमेंटचाच’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, त्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय.

हे वाक्य मी थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये वर्षानुवर्षं ऐकलं. आमचे सीनियर ऑपरेटर, दादा, टेपला ‘चिकटपट्टी’ म्हणायचे आणि ती लावणाऱ्याला आळशी. त्यांचा हात होता सुरेख. एका ओढीत इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) खरवडायचे, ब्रश फिरवायचे, दाबायचे, आणि जॉइंट प्रोजेक्टरच्या गेटमधून (दिव्यासमोरच्या फटीतून) कधी गेला ते कळायचंही नाही. मी सिमेंट त्यांच्याकडूनच शिकलो. टेपचा स्प्लाइसर (फिल्म कापून जोडायचं यंत्र) मात्र ते नसतील तेव्हाच बाहेर काढायचा, असा अलिखित नियम होता.

एकदा नवी कोरी प्रिंट आली आणि ऐन खेळात तुटली. दादा सिमेंट घेऊन बसले. खरवडलं, लावलं, दाबून धरलं, उघडून हलकेच ओढलं, तर दोन्ही टोकं सुटी. म्हणाले, बाटली जुनी झाली. नवी फोडली. पुन्हा तेच. खाली शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मी रीळ उचलून दिव्यासमोर आडवं धरलं, तर कडेतून उजेड आरपार येत होता. म्हणजे फिल्मचा बेस, चित्राखालची प्लॅस्टिकची पट्टी, पॉलिस्टरचा. दुसऱ्या प्रकारच्या बेसचं, अ‍ॅसिटेटचं, रीळ तसं धरलं तर काळपट, बंद दिसतं.

सिमेंट हा गोंद नाहीच. ते अ‍ॅसिटेट विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. पॉलिस्टरवर त्याचा काही परिणामच होत नाही; तिथे टेप नाहीतर अल्ट्रासॉनिक मशीन. मी म्हटलं, “दादा, पॉलिस्टर आहे.” ते म्हणाले, “फिल्म ती फिल्म.” मग मीच स्प्लाइसर काढला, टोकं सरळ कापली, एकमेकांना भिडवली, दोन्ही बाजूंनी टेप मारली. खेळ सुरू झाला. संपल्यावर त्यांनी तो जॉइंट दोन्ही हातांनी ओढून पाहिला. सुटला नाही. “आज चाललं,” एवढंच म्हणाले. पुढेही त्यांनी टेपला हात लावला नाही.

आळशांचं काम म्हणे! सिमेंटला एक टोक दुसऱ्यावर चढवावं लागतं, म्हणून दर वेळी फ्रेम जाते, आणि तो जॉइंट बदलायचा तर आणखी जातात. टेपच्या जॉइंटला टोकं नुसती भिडतात, काही जात नाही, चुकलं तर उघडून पुन्हा करता येतं. इटालियन दिग्दर्शक फेलिनीचे संकलक लिओ कातोत्सो यांनी टेपचा स्प्लाइसर काढला. रोज फिल्म कापणाऱ्या माणसाला त्याची गरज वाटली, यातच काय ते आलं.

आता तुमचं काम. आधी रीळ दिव्यासमोर धरून बेस ओळखा. टेप ‘स्प्लाइसिंग टेप’ म्हणून विकतात तीच घ्या: पारदर्शक, पातळ, पॉलिस्टरची. एकदोनच जॉइंट असतील तर आधीच छिद्रं पाडलेले तयार तुकडे बरे. जास्त असतील तर छिद्रं स्वतः पाडणारा गिलोटिन स्प्लाइसर आणि अखंड रोल. प्रोजेक्टरवर चालवायची असेल तर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूची टेप बिजागरीसारखी उघडते आणि गेटमध्ये अडकते. लावल्यावर बोटाने नाही, गुळगुळीत दांडीने घासून हवेचे बुडबुडे काढा.

पांढरी अपारदर्शक स्प्लाइसिंग टेपही मिळते, ती आवाजाच्या मॅग्नेटिक फिल्मसाठी. चित्रावर लावू नका. तुमच्या फिल्मच्या कडेला तपकिरी मॅग्नेटिक पट्टी असेल तर त्या बाजूला तिच्यावर टेप येऊ देऊ नका, आवाज जाईल. आणि हे सगळं प्रिंटबद्दल. मूळ निगेटिव्ह असेल तर टेप अजिबात नको, तिथे, बेस अ‍ॅसिटेटचा असेल तर, सिमेंटच.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट सडायला लागलंय आणि फिल्म आकसली असेल. ती कशानेही जोडून प्रोजेक्टरवर चढवू नका, स्कॅन करून घ्या. कोणी आधीच सेलोटेप लावून ठेवली असेल तर तीही ओढून काढू नका, इमल्शनसकट चित्र सोलून येईल.