सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर) जत्रेआधी एवढं हाताखालून घाला

फोटो काढायला शिकताना सुरुवातीला हातातला फोन पुरे, कॅमेऱ्याची घाई नको. शटर, आयएसओ ही कॅमेऱ्याची सेटिंग्ज नंतर बघू. आधी उजेड ओळखा. आपल्याकडे दहानंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून सिद्धेश्वर तलावाकाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठा. घरात आजीचा फोटो काढताना ट्यूबलाइट बंद करा, त्यांना खिडकीजवळ तिरकं बसवा. सुरकुत्याही सुंदर दिसतात.

हमखास होणाऱ्या चुका:

- बोटांनी झूम करणं. फोटो फुटतो; दोन पावलं पुढे जा.
- लेन्स न पुसणं. बोटाचा तेलकट डाग लागला की दिव्याभोवती धुरकट वलय येतं.
- जत्रेतल्या नंदीध्वजांच्या (उंच सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीत बाराबंदी, म्हणजे पांढरा पारंपरिक अंगरखा, नुसती पांढरीफटक येणं. स्क्रीनवर त्या पांढऱ्या कपड्यावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढा. कापडाच्या चुण्या दिसल्या की क्लिक करा.

आणि जपणूक आजपासूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मूळ फोटोच्या ३ प्रती हव्यात: फोनमध्ये, हार्डडिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी. महिन्याला ५ फोटो छापा, अल्बममध्ये खाली नावं, गाव, तारीख लिहा. जुन्या फोटोंतली नावं आजींना याच आठवड्यात विचारून घ्या.