मधलं बटण दाबून बोट दुखतं : तीन बटणांचा माउस निवडताना मी काय बघतो

तुम्ही विचारलंय : ऑफिसात दिवसभर कॅटिया (यंत्रांचे भाग डिझाइन करायचं थ्रीडी सॉफ्टवेअर), रात्री घरी ब्लेंडर (थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर), संध्याकाळपर्यंत उजव्या हाताचं मधलं बोट आणि कोपराखालचा भाग ठणकायला लागतो, तर हाताला सुखाचा असा तीन बटणांचा माउस कोणता?

मी भोसरीत फिक्श्चर, म्हणजे मशिनवर काम चालू असताना भाग पकडून ठेवणारी साधनं, डिझाइन करतो. कॅटियावर अठरा वर्षं झाली, त्यातली शेवटची आठ बोट न दुखता. आधीची दहा कशी गेली असतील ते तुम्हाला सांगायला नको.

पहिली गोष्ट, खोक्यावर लिहिलेल्या बटणांच्या आकड्यावर जाऊ नका. ऑनलाइन दुकानात 'तीन बटणांचा माउस' शोधलात की जे ढीगभर माउस समोर येतात, त्यांत तिसरं बटण म्हणजे चाकच असतं. डावं, उजवं आणि दाबता येणारं चाक, झाली तीन. चाकामागे कर्सरचा वेग बदलणारी बारकी कळ असली की तोच माउस चार बटणांचा होतो. ज्याला ब्राउझरमध्ये दिवसातून दहा वेळा नवी टॅब उघडायची आहे, त्याला हे पुरतं. आपल्याला पुरत नाही, कारण आपल्याला मधलं बटण नुसतं टिचकी मारून सोडायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. कॅटियात ते धरून माउस हलवला की स्क्रीनवरचं मॉडेल सरकतं. ते धरलेलं असतानाच उजवं किंवा डावंही दाबून ठेवलं की फिरतं. आणि ते दुसरं बटण दाबून लगेच सोडलं की झूम. ब्लेंडरमध्ये नुसतं धरून फिरवणं, शिफ्टसोबत सरकवणं, कंट्रोलसोबत झूम. मोठी असेंब्ली, म्हणजे बरेच भाग जोडलेलं मॉडेल, तपासायला घेतली की ते बटण सुटतच नाही म्हणा ना.

आता चाकाचं बघा. ते दाबताना तुम्ही सबंध चाक खाली ढकलत असता, तेव्हा कुठे खालचा स्विच दाबला जातो. हे ढकलणं हलकं ठेवलं तर स्क्रोल करताना चुकून क्लिक होणार, म्हणून ते मुद्दाम जड ठेवलेलं असतं. वर गोलाई असल्यामुळे बोट टेकायला सपाट जागा नाही. शिवाय दाबून धरलेलं असताना ते फिरू नये म्हणून बोट ताठ ठेवावं लागतं. फिरलं तर मॉडेल मध्येच जवळ-लांब उडी मारतं. म्हणजे एकाच बोटाला दोन कामं, आणि दोन्ही ताकदीची. बोटं हलवणारे स्नायू बरेचसे कोपराच्या खाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. म्हणून दाबतं बोट आणि ठणकतो तो कोपराखालचा भाग.

खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर माउस ठेवा, आकडा शून्य करा, आणि डावं बटण 'टक' होईपर्यंत हळूहळू दाबा. मग चाक तसंच दाबा. माझ्या जुन्या माउसवर चाकाचा आकडा डाव्या बटणाच्या दुपटीहून जास्त आला होता. बायकोने पोळ्या लाटता लाटता विचारलं, 'आता उंदराचं वजन करतोयस का?' तिला काय सांगणार.

हे झालं कसं, तर आपली सॉफ्टवेअरं चाकापेक्षा जुनी आहेत. माउसचा जनक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला जो माउस दाखवला, त्याला तीन बटणं होती. पुढे युनिक्सच्या वर्कस्टेशनवर, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कामाच्या ताकदवान कॉम्प्युटरवर, तीच रीत राहिली : तीन सपाट, रुंद बटणं, तीन बोटांना तीन. कॅटियाची आधीची आवृत्ती, व्ही-४, याच मशिनांवर चालायची. मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस १९९६ मध्ये आला तेव्हापासून चाक घरोघरी पोचलं आणि मधल्या बटणाची जागा त्याने खाल्ली. सॉफ्टवेअरच्या सवयी मात्र तीन सपाट बटणांच्याच राहिल्या. आमच्या एका जुन्या साहेबांच्या खणात तसला बिनचाकाचा माउस होता. ते रिटायर होताना सगळे त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. मी तो माउस मागून घेतला. त्यानेच माझे डोळे उघडले.

त्याआधी मी एक महागडी चूक केली होती. हात दुखतोय म्हणून त्या वेळी जो सगळ्यात 'आरामदायी' म्हणून गाजत होता तो माउस घेतला. हातात बसायला उत्तम, अंगठ्याला छान खोबण. पण वजन १४० ग्रॅमच्या आसपास, आणि चाक डावी-उजवीकडेही कलणारं. कलणारं चाक मधल्या बटणाचा शत्रू समजा. सरळ खाली दाबायला जावं तर ते जरासं कलतं, दाब वाया जातो, मग आपण आणखी जोर लावतो. तीन महिन्यांत दुखणं दुप्पट. माउसचा दोष होता असं मी म्हणणार नाही, तो एक्सेल आणि वेबपानांसाठी बनवलेला होता. मी दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला दिलं, एवढंच.

तेव्हा तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असं मला दिसतं.

सरळ वाट म्हणजे खरं मधलं बटण असलेला माउस. थ्रीडीकनेक्सन कंपनीचा कॅडमाउस नेमका याच कामासाठी बनतो : चाक वेगळं, मधलं बटण वेगळं, आणि ते डाव्या-उजव्या बटणांसारखंच सपाट. साध्या माउसच्या कित्येक पट किंमत आहे, पण कंपनी घेऊन देत असेल तर जरूर मागा. डिझायनरचं ते हत्यार आहे, चैन नव्हे. एचपीच्या वर्कस्टेशनसाठी यूएसबीचा तीन बटणांचा बिनचाकाचा माउसही निघाला होता, जुन्या मालात अजून कधीकधी सापडतो. तो स्वस्त पडतो, पण त्यावर स्क्रोल नाही, आणि आकार अगदीच साबणाच्या वडीसारखा. हस्तांदोलनासारखा उभा हात ठेवायचा असेल तर इव्होल्यूएंट कंपनीच्या उभ्या माउसवर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशा तिघांना तीन बटणं मिळतात.

इथे एक सावधगिरी. तीन खऱ्या बटणांच्या माउसवर उजवं क्लिक अनामिकेकडे जातं. तिला आयुष्यात कधी काम नसतं, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस ती भलत्या वेळी दाबते, नको तिथे मेनू उघडतात, आपण चिडतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने चौथ्या दिवशीच हात टेकले. दोन आठवडे काढा. त्या दिवसांत डेडलाइन असलेलं काम असेल तर जुना माउस बाजूला जोडून ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालतात.

दुसरी वाट जवळपास फुकटची : मधलं बटण अंगठ्याकडे द्यायचं. बाजूला 'मागे-पुढे' अशी दोन बटणं असलेला साधा माउस घ्या आणि त्यातलं एक, माउसच्या सॉफ्टवेअरमधून किंवा विंडोजवर एक्स-माउस बटन कंट्रोल नावाच्या मोफत प्रोग्रॅममधून, मधलं क्लिक म्हणून नेमून टाका. पण लगेच कॅटिया उघडून धरून बघा. काही सॉफ्टवेअर नुसतं एक क्लिक पाठवून मोकळं होतं, धरणं धरतच नाही. तसं असेल तर आपल्या कामाचं नाही. शिवाय अंगठ्याने माउस धरलेलाही असतो, त्यामुळे तेच बटण दाबून माउस उचलायची वेळ आली की घोळ होतो. ऑफिसच्या मशिनवर प्रोग्रॅम टाकायला आयटीवाले परवानगी देतील की नाही, ती वेगळी कथा. ब्लेंडरपुरतं बोलायचं तर प्रेफरन्सेसमध्ये तीन बटणांच्या माउसची नक्कल करायची सोय आहे : ऑल्ट धरून डावं बटण ओढलं की मधल्याचं काम होतं. घरच्या ब्लेंडरसाठी आजच रात्री चालू करून बघा.

तिसरी वाट, मॉडेल फिरवायचं काम डाव्या हाताला द्या. स्पेसमाउस म्हणून जी गोल मूठ मिळते, ती डाव्या हाताने ढकलली-पिळली की मॉडेल फिरतं, उजव्या हाताला फक्त निवडायचं काम उरतं. खर्चीक आहे, आणि शिकताना पहिले काही दिवस मॉडेल जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरतं. मी स्वतः तीन बटणांचा माउस आणि ही मूठ असं दोन्ही वापरतो, पण एकच घ्यायचं असेल तर आधी माउस.

आता आकार. आपण चप्पल घालून बघितल्याशिवाय घेत नाही, आणि जी वस्तू दिवसातले नऊ तास हातात असते ती फोटो बघून मागवतो. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. माउसची लांबी त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी असा एक ढोबळ हिशेब लोक वापरतात : हात १८ सेंटिमीटर असेल तर माउस ११ च्या जवळपास. पण हा हिशेब सगळा तळवा टेकवून माउस धरणाऱ्यांचा. नुसत्या बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला याहून लहान लागतो. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या आणि लहान चणीच्या पुरुषांच्या हाताला बाजारातला 'आरामदायी' माउस मोठाच होतो, कारण ही मोठी कुबड मोठ्या हाताच्या मापाने बेतलेली असते. मोठ्या माउसवर मधल्या बोटाचं टोक बटणाच्या मागच्या अंगाला पडतं आणि तिथे बटण जास्तच कडक लागतं. कंटूर कंपनीचा माउस वेगवेगळ्या मापांत आणि डावखुऱ्यांसाठीही मिळतो. लॉजिटेकचा लिफ्ट हा उभा माउस लहान-मध्यम हातासाठी आहे, डावखुरी आवृत्तीही आहे. पण त्यात तिसरं बटण चाकच, म्हणजे दुसऱ्या वाटेचा अंगठा लागणारच.

दुकानात जाणार असाल, मुंबईचा लॅमिंग्टन रोड म्हणा नाहीतर तुमच्या गावातलं एखादं कॉम्प्युटरचं दुकान, तर दुकानदाराला लाजू नका. माउस खोक्याबाहेर काढायला लावा. हात सैल ठेवून मधलं बटण दाबा आणि धरून मनातल्या मनात तीस आकडे मोजा, माउस गोल गोल हलवत. तिसापर्यंत बोट थरथरलं किंवा बोटाचं टोक पांढरं पडलं, तर तो खाली ठेवा. मग मधलं धरूनच उजवं दाबून बघा, कॅटियाची ती जोडी. काही माउसवर ही दोन बटणं एकत्र दाबताना हातच वाकडा होतो. दुकानात कॅटिया नसतं, त्यामुळे एवढ्याच परीक्षेवर समाधान मानायचं.

बाकीच्या गोष्टी भरभर. १६००० डीपीआय (माउस थोडा हलवला की कर्सर किती पळतो त्याचा आकडा) वगैरे जाहिरातीकडे दुर्लक्ष करा, हजार-दीड हजारात आपलं काम भागतं. वजन शंभर ग्रॅमच्या आत असलं तर बरं. एए सेलवर चालणारा असेल तर त्यातला अल्कलाइन सेलच २३ ग्रॅमचा असतो. मऊ रबराचा लेप असलेला टाळा, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांनी तो चिकट होऊन हाताला लागायला लागतो. टेबलावर काच असेल तर पॅड घ्याच.

आणि माउस बदलायच्या आधी की-बोर्डकडे एकदा बघा. न्यूमेरिक पॅडचा लांब की-बोर्ड असला की माउस उजवीकडे दूर जातो, खांदा उघडा पडतो, आणि हात लांब ताणलेला असताना तेच बटण दुप्पट जड लागतं. मी आकडे डाव्या बाजूला ठेवलेल्या सुट्या न्यूमेरिक पॅडवर टाकतो. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर टेबलाच्या उंचीला येईल, पाय लटकले तर खाली काहीतरी ठेवा. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवायचं नाही. मॉडेल फिरवत नसताना बोटं बटणांवर टेकवून ठेवा. क्लिक होईल या भीतीने ती अधांतरी उचलून धरायची सवय मलाही होती, आणि हाताच्या वरच्या बाजूचं दुखणं त्यातूनच आलं होतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून हात झटकत उठावं लागत असेल, तर माउसचा शोध थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मनगटातली नस दाबली गेल्याची ती लक्षणं असू शकतात, आणि तिथे कुठलंही बटण उपयोगाचं नाही. तुम्ही नुसतं ठणकणं लिहिलंय, मुंग्यांचं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी बटणांवर एवढं बोललो.

तुमच्या जागी मी असतो तर आज रात्री ब्लेंडरमध्ये ऑल्टची सोय चालू केली असती, उद्या ऑफिसात बाजूचं बटण मधलं करून आठवडाभर बघितलं असतं, आणि त्याने दुखणं उतरलं तरच खऱ्या मधल्या बटणाचा माउस साहेबांकडे मागितला असता. तोवर हाताची लांबी मोजून इथे लिहा, आणि माउस तळवा टेकवून धरता की बोटांनी, तेही.